देवाशी दोन हात करण्याआधी

माझ्या पहिल्या देवाला मी ८०० हिट पॉइंट्स दिले होते. देव म्हणजे मोठा, आणि मोठा म्हणजे आकडा मोठा, एवढाच माझा विचार. रविवारची दुपार, डंजन्स अँड ड्रॅगन्सचा, म्हणजे टेबलाभोवती बसून फाशांनी गोष्ट खेळायचा डाव, चार खेळाडू, साडेतीन तास फासे पडत राहिले. कुणी मेलं नाही, कुणाला काही वेगळं सुचायची गरजही पडली नाही. तलवार मारा, आकडा सांगा, मी वजा करते. शेवटी देव पडला तेव्हा दोघं मोबाइल बघत होते. एकीने मान वर करून विचारलं, “मेला? बरं.”

दीड वर्ष चाललेलं कॅम्पेन, म्हणजे एकच सलग गोष्ट, “बरं” या शब्दावर संपलं, याचं मला फार वाईट वाटलं. त्यानंतर मी देवाशी लढाई आणखी दोनदा मांडली आणि दोन्ही वेळा टेबलावरच्या कुणाचाही हात मोबाइलकडे गेला नाही. त्यासाठी जे जे उपयोगी पडलं ते इथे क्रमाने लिहिते आहे.

हे मुख्यतः नव्या डीएमसाठी आहे, म्हणजे जो जग चालवतो, गोष्ट सांगतो आणि शत्रूंच्या बाजूने फासे टाकतो त्याच्यासाठी. उदाहरणं डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या २०१४ च्या पाचव्या आवृत्तीतली आहेत. हिट पॉइंट्स म्हणजे किती मार सोसता येतो, आर्मर क्लास म्हणजे वार लागायला फासा आणि बोनस मिळून किती यायला हवं, आणि सेव्ह म्हणजे आलेलं संकट चुकवायची संधी. स्पेल म्हणजे मंत्र, लेव्हल म्हणजे पात्राचा किंवा स्पेलचा दर्जा, पार्टी म्हणजे खेळाडूंच्या पात्रांची टोळी, सेशन म्हणजे खेळाची एक बैठक. एवढं माहीत असलं की पुरे. तुम्ही खेळाडू असाल तर चौथी पायरी खास तुमच्यासाठी आहे.

पायरी १: तुमच्या जगात देव मरतो का, ते ठरवा

हा प्रश्न खेळाइतकाच जुना आहे. डंजन्स अँड ड्रॅगन्स १९७४ मध्ये आला आणि १९७६ मध्ये एका पुरवणी पुस्तकात देवांना हिट पॉइंट्स मिळाले. संपादक टिम कास्क यांनी प्रस्तावनेत हेतू सरळ सांगितला होता: काही डीएम लेव्हल खैरातीसारख्या वाटत सुटले होते, त्यांना जमिनीवर आणायचं होतं. साक्षात ओडिनकडे ३०० हिट पॉइंट्स असतील तर ४४ व्या लेव्हलच्या सरदाराला गंभीरपणे कोण घेणार, असा त्यांचा सवाल. खेळाडूंनी त्यातून नेमका उलटा अर्थ काढला. तीनशेच? मग मारता येईल की! १९८० च्या पुस्तकात झ्यूसला ४०० मिळाले, आणि त्याच वर्षीच्या एका साहसात, म्हणजे छापील तयार कथेत, कोळ्यांची राणी लोल्थ ६६ हिट पॉइंट्स घेऊन स्वतःच्या घरात खेळाडूंसमोर उभी राहिली. आकडा लिहिला की तो शून्यावर आणता येतो, हे खेळाडूंच्या डोक्यात पक्कं बसलं ते तेव्हापासून.

पाथफाइंडर या त्याच धाटणीच्या खेळाने दुसरी वाट धरली. तिथे खऱ्या देवांना आकडेच नाहीत. पण म्हणून ते अमर आहेत असंही नाही: युद्धाचा देव गोरम २०२४ मध्ये कथेतच मेला.

२०१४ च्या डीएम पुस्तकाने तीन थर सांगितले आहेत. थोर देव मर्त्यांच्या आवाक्यापलीकडचे, त्यांना बोलावताही येत नाही. लहान देव कुठल्या ना कुठल्या लोकात देह धरून असतात, म्हणून त्यांना गाठता येतं, लोल्थ त्यांतलीच. तिसरा थर अर्धदेवांचा, त्यांत देवांची मुलं येतात, टायटन येतात आणि भक्त उरले नाहीत असे विझत चाललेले देवही येतात. पहिल्या खेपेला थोर देवाला हात घालू नका, असं मी आग्रहाने सांगेन. सूर्यदेवाला मारलं तर उद्या सकाळी काय होईल, या प्रश्नाला उत्तर द्यावं लागतं आणि पहिल्या कॅम्पेनला ते ओझं पेलत नाही. एका शहराचा, एका खिंडीचा, एका नदीचा देव घ्या. माझा जमलेला देव एका शहरापुरताच होता. नाव अर्गल. दारांचा, कड्याकोयंड्यांचा, वेशीचा देव.

पायरी २: टेबलाला विचारा

कॅम्पेनच्या आधी, चहा पिताना, सगळ्यांना सरळ विचारा: या खेळात देवाशी लढायची वेळ आली तर चालेल का? कुणाला ते आवडत नसेल तर तो माणूस खेळाच्या मध्यावर सांगत नाही, फक्त यायचं बंद करतो.

आणि ज्यांची आज घरोघरी पूजा होते असे देव मी शत्रू म्हणून टेबलावर आणत नाही. १९८० च्या त्याच पुस्तकात भारतीय देवांचंही प्रकरण होतं, इंद्र, अग्नी, वरुण, यम, विष्णू, प्रत्येकाला आर्मर क्लास आणि हिट पॉइंट्स. विस्कॉन्सिनमधल्या प्रकाशकाला ते ग्रीक देवांसारखंच वाटलं असेल. माझ्या टेबलावरच्या एका मित्राच्या घरी मात्र रोज संध्याकाळी विष्णुसहस्रनाम म्हटलं जातं. तो आकडा मला त्याच्यासमोर वाचायचा नाही. देव नवा घडवा, त्याला वेळ फार लागत नाही.

पायरी ३: देवाला वर द्या, आणि वरात एक फट ठेवा

सगळ्यांत जास्त वेळ इथे घाला. देव मोठ्या आकड्याने देव वाटत नाही. तो देव वाटतो कारण नेहमीची शस्त्रं त्याच्यावर चालत नाहीत आणि का चालत नाहीत ते शोधावं लागतं.

आपल्याला हे कुणी शिकवायला नको. हिरण्यकश्यपू दिवसा मरणार नाही, रात्री मरणार नाही, घरात नाही, बाहेर नाही, माणसाकडून नाही, पशूकडून नाही. लहानपणी ही गोष्ट ऐकताना आपण सगळेच त्या अटींमधून वाट शोधत होतो, आणि संध्याकाळ, उंबरा, नरसिंह असं एकेक उत्तर आलं की अंगावर काटा यायचा. रावणाने देव, दानव, गंधर्व अशा सगळ्यांपासून अभय मागितलं आणि माणसांना मोजलंच नाही. खेळाडूंना द्यायचा आनंद तो हाच. गोष्ट उचलू नका, तिची घडण उचला.

मी कागदावर तीन वाक्यं लिहिते. देवाला काय हवं आहे? त्याचं बळ कुठून येतं? ते बळ कधी तुटतं? अर्गलची वाक्यं अशी होती. त्याला शहर सुरक्षित हवं आहे, इतकं की कुणी आत येऊ नये आणि कुणी बाहेर जाऊ नये. शहरातलं प्रत्येक बंद दार त्याला बळ देतं. दारं उघडली की ते ओसरतं.

तिसरं वाक्य लिहिताना एक कसोटी लावा: ती फट शोधणं सोपं असलं तरी चालेल, पण वापरणं अवघड हवं. “डोंगरावरच्या गुहेतली जादूची तलवार आणा” यात अवघड काय? चालत जायचं आणि आणायची. वेढा पडलेल्या शहरात, रात्री, घाबरलेल्या माणसांना “दार उघडं टाका” असं सांगून बघा. त्यासाठी त्या माणसांचा तुमच्यावर विश्वास लागतो, आणि तो कुठल्याही खजिन्यात सापडत नाही.

पायरी ४: तियामतचं पान नीट वाचा

स्वतःचा देव लिहिण्याआधी एक तयार देव समजून घ्या. २०१४ च्या एका साहसात पाच डोक्यांची ड्रॅगनराणी तियामत शेवटी समोर येते. तिचे हिट पॉइंट्स ६१५, आर्मर क्लास २५. खेळाडू हे दोन आकडे बघून घाबरतात. खरी भीती त्यांच्याखालच्या ओळींत आहे.

आधी आर्मर क्लास. ११ व्या लेव्हलचा फायटर म्हणजे लढवय्या, ताकद २०, हातात +१ तलवार: फाशावर जे पडेल त्यात तो १० मिळवतो. म्हणजे वीस बाजूंच्या फाशावर १५ किंवा वर पडलं तरच वार लागतो, दहापैकी तीन वेळा. ठीक आहे, अवघड आहे, पण अशक्य नाही.

आता त्याच लेव्हलचा विझार्ड, म्हणजे मांत्रिक, घ्या. सहाव्या किंवा खालच्या लेव्हलचं स्पेल तियामतची इच्छा नसेल तर तिला लागूच होत नाही. ११ व्या लेव्हलच्या विझार्डला सहाव्याच्या वरचं स्पेल टाकताच येत नाही. म्हणजे त्याच्या पोथीत तिला बाधेल असं एकही पान नाही.

मग तिच्या लाल डोक्याची आग. सरासरी ९१ नुकसान, चुकवायला २७ हवेत. आपल्या विझार्डची चपळाई +२ धरा. वीस पडला तरी बेरीज २२, आणि या आवृत्तीत सेव्हला वीस पडला म्हणून आपोआप सुटका होत नाही. कॉन्स्टिट्यूशन, म्हणजे काटकपणा, १४ असेल तर त्याचे सगळे मिळून हिट पॉइंट्स ६८. एका फुंकरीत तो आडवा.

खेळाडूंनो, हे वाचून पान मिटू नका, कारण उत्तरही याच गणितात आहे. पॅलाडिनची, म्हणजे शपथबद्ध पवित्र योद्ध्याची, सहाव्या लेव्हलपासून एक प्रभा असते: त्याच्या दहा फुटांतल्या मित्रांना सेव्हमध्ये त्याच्या करिष्म्याचा बोनस मिळतो. करिष्मा २० असेल तर +५. बावीस आणि पाच, सत्तावीस. आता वर ब्लेस घाला. ते पहिल्या लेव्हलचं साधं स्पेल आहे, पण ते तियामतवर टाकायचं नसून मित्रांवर टाकायचं आहे, त्यामुळे तिची प्रतिकारशक्ती आड येत नाही. एक ते चार आणखी मिळतात, आणि आता फाशावर १६ पडूनही वाचण्याची आशा उरते. देवाशी लढताना विझार्डने पहिली गोष्ट हीच शिकायची: शत्रूवर काही चालत नसेल तर आपल्या माणसांवर चालवा.

आणखी तीन ओळी बघा. सेव्ह चुकला तरी “चुकला नाही” असं म्हणायची मुभा तिला दिवसातून पाच वेळा आहे, म्हणून सगळ्यांत भारी स्पेल आधी टाकू नका. आधी सातव्या-आठव्या लेव्हलची टाकून त्या पाच संधी संपवा. तिच्याकडे डिव्हाइन वर्ड हे स्पेल आहे, त्यात ज्याचा सेव्ह चुकला आणि हिट पॉइंट्स २० किंवा त्याहून कमी असले तर जागीच मृत्यू येतो. म्हणजे पडलेल्या मित्राला पाच पॉइंट्स देऊन उभं केलं आणि “झालं” म्हटलं, असं इथे चालत नाही. आणि मोठ्या लेव्हलच्या पार्टीकडे पॉवर वर्ड किल हे जागीच मारणारं स्पेल असेल तर तिचे हिट पॉइंट्स १०० पर्यंत उतरेपर्यंत ते जपून ठेवा. त्याला सेव्हच नसतो, त्यामुळे त्या पाच संधी तिथे कामाला येत नाहीत.

पायरी ५: आकडे मांडा

पुस्तकातली कोष्टकं बाजूला ठेवा आणि तुमच्या पार्टीच्या मागच्या तीन लढाया आठवा. एका फेरीत सगळे मिळून किती नुकसान करतात? आमची चौघांची ११ व्या लेव्हलची पार्टी साधारण ७५ करत होती. लढाई चार-पाच फेऱ्यांची हवी असेल तर देवाला ३०० पुरतात. मी ८०० दिले होते तेव्हा कुठे चुकले ते या एका भागाकारात दिसतं.

अर्गलला ३०० दिले आणि प्रत्येक फेरीला ३० परत भरतील असं ठेवलं. शहरात तीन पेठा होत्या. एका पेठेची दारं उघडली की त्या ३० मधले १० कमी. दारं बंद असताना खेळाडूंच्या ७५ मधले ४५ च उरतात आणि लढाई सातव्या फेरीपर्यंत रेटते, तोवर कुणीतरी पडतंच. तिन्ही पेठा उघड्या असतील तर चार फेऱ्यांत निकाल.

एकटा देव चौघांसमोर हरतो तो हिट पॉइंट्स कमी म्हणून नाही. ते चार वेळा हलतात, तो एकदा, म्हणून. यावर उपाय लेजंडरी अ‍ॅक्शन: दुसऱ्याची पाळी संपली की देव मध्येच काहीतरी करतो. तियामतला अशा पाच आहेत, अर्गलला मी तीन दिल्या. त्यांतली एक नुकसान करणारी ठेवा, बाकीच्या जागा बदलणाऱ्या. अर्गल दोन खेळाडूंच्या मध्ये दार उभं करून ते बंद करायचा. त्याने जेवढी धावपळ झाली तेवढी तलवारीने झाली नसती.

देवाचा मार किती? एका फेरीत एकाला जवळजवळ झोपवेल इतका, दोघांना नाही. चेलेचपाटे हवे असतील तर थोडेच ठेवा.

दुसरा मार्गही चांगला आहे. २०२० च्या एका साहसात हिमदेवी ऑरिलची तीन रूपं आहेत. एक संपलं की दुसरं उभं राहतं. नव्या डीएमला हे सोपं जातं, कारण तीन छोटे शत्रू सांभाळणं एका अवाढव्य शत्रूपेक्षा हलकं असतं.

पायरी ६: लढाईआधीची सेशन्स

देवाशी लढाई निदान तीन सेशन आधी सुरू होते. तियामतच्या साहसातही तिला बोलावण्याचा विधी चालू असतो, आणि तो मोडता आला तर ती पूर्ण येतच नाही. खेळाडूंना हे माहीत असू द्या. गुपित ठेवून काही मिळत नाही.

मी एका वहीत दोन रकाने आखले. डावीकडे खेळाडूंनी केलेलं काम, उजवीकडे त्यामुळे देवाने काय गमावलं. लोहारांची पेठ उघडायला तयार झाली, १० कमी. बाजारपेठ तयार झाली, आणखी १० कमी. तिसरी विणकरांची पेठ मात्र ऐकेना, कारण चार सेशन आधी आमच्या पार्टीने तिथल्या एका घरातून घोडा पळवला होता आणि वर खोटंही बोलले होते. हे मी ठरवलेलं नव्हतं. जुन्या नोंदी चाळताना सापडलं. नोंदी ठेवत जा, ही एवढी एक सवय बाकी सगळ्या तयारीच्या तोडीची आहे.

पायरी ७: लढाईचा दिवस

देवाच्या प्रत्येक हालचालीचं वेगळं कार्ड लिहून हाताशी ठेवा, म्हणजे पुस्तक चाळावं लागत नाही. दर फेरीच्या सुरुवातीला एका वाक्यात चित्र सांगा: कोण कुठे आहे, काय पेटलंय, देव कुणाकडे बघतोय. आणि देवाला बोलू द्या. अर्गल ओरडत नव्हता. प्रत्येक वाराला तो हेच विचारायचा, “मी गेल्यावर रात्री यांना कोण जपणार?”

दुसऱ्या फेरीत आमची बार्ड, म्हणजे जादू जाणणारी गायिका, खेळणारी मैत्रीण म्हणाली, “मी लढाई सोडून विणकरांच्या पेठेत जाते.” टेबलावर तिला सगळ्यांनी अडवलं, एक माणूस कमी झाला तर फायटर मरेल म्हणून. ती गेली. पहिलंच दार एका म्हातारीचं, घोडा जिचा होता ती. मन वळवायला फासा टाकला, पडले ४.

मी “नाही उघडत” म्हणणार, तेवढ्यात तिने फासा बाजूला ठेवला आणि बोलायला लागली. “आजी, घोडा आम्हीच नेला. आता मी तुमच्या उंबऱ्यावर बसते. आत कुणी यायचं म्हटलं तर आधी माझ्यावरून जाईल.”

मी दुसरा फासा मागितला नाही. दार उघडलं. शेजारचंही उघडलं. अशी वेळ तुमच्या टेबलावर आली तर नियम तिथेच ठेवा आणि पुढे जा. वहीत शेवटचे १० खोडले, आणि पाचव्या फेरीत, फायटरच्या अंगात ९ हिट पॉइंट्स उरलेले असताना, अर्गल वेशीत कोसळला.

पायरी ८: देव गेल्यानंतर

इथे बरेच डीएम थांबतात आणि मला तेच खटकतं. देव मेला म्हणजे जगातली एक जागा रिकामी झाली. डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या फॉरगॉटन रेल्म्स या जगात, १९८९ च्या कादंबऱ्यांत, देवांना मर्त्य देहांत जमिनीवर ढकललं गेलं, आणि त्या गोंधळात बेन, भाल आणि मिर्कुल मेले. जुलूम, खून आणि मृत्यू मात्र संपले नाहीत. ते सगळं सिरिक नावाच्या एका चोराच्या पदरात पडलं, आणि त्या जगाच्या पुढच्या कितीतरी गोष्टी त्यातूनच निघाल्या.

मरण तात्पुरतंही असू शकतं. तियामतचा देह नष्ट होतो पण सत्त्व नरकातल्या तिच्या घरी परत जातं. ऑरिल पुढच्या हिवाळी अयनापर्यंतच जाते. तुमचं कॅम्पेन पुढे चालणार असेल तर असं काही ठेवा. संपणार असेल तर खरं मरण द्या.

दोन्ही प्रकारांत लढाईनंतर निदान अर्धा तास राखून ठेवा आणि त्या देवाच्या क्षेत्रातली एक अगदी साधी वस्तू कशी बदलली ते दाखवा. मी एवढंच सांगितलं: त्या रात्रीपासून शहरात एकाही दाराची कडी लागत नाही. कोयंडा बसतो आणि लगेच निसटतो. लोहार येऊन बघून गेले, त्यांनाही जमलं नाही. विणकरांच्या पेठेत म्हातारी दाराशी काठी घेऊन बसली आहे, तिला झोप येते आहे आणि ती झोपायला तयार नाही.

फायटर लुटीचं विचारत होता. बार्ड खेळणारीने तिच्या पात्राची शीट पुढे ओढली, बाकीचे खजिना वाटून घेऊ देत असं म्हणाली, आणि मला विचारलं, “त्या उंबऱ्यावर अजून जागा आहे ना?”